विधेयक मांडले, हरकती आणि सूचना कुठे द्यायच्या?

२०२५च्या ऑगस्टमध्ये गणपतीसाठी मी वेलिंग्टनहून ठाण्याला घरी आलो, त्याच आठवड्यात, बुधवारी २० तारखेला, लोकसभेत दोन महत्त्वाची विधेयके मांडली गेली. एक १३०व्या घटनादुरुस्तीचे, म्हणजे गंभीर गुन्ह्यात सलग ३० दिवस अटकेत राहिलेल्या मंत्र्याला पदावरून दूर करण्याचे. ते मांडताना विरोधकांनी प्रती फाडल्या आणि ते संयुक्त समितीकडे गेले. दुसरे पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे. ते बुधवारी मांडले, बुधवारीच गदारोळात आवाजी मतदानाने संमत झाले, गुरुवारी राज्यसभेतही संमत झाले आणि शुक्रवारी त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली.

शनिवारी सकाळी बाबांबरोबर कचराळी तलावाला फेऱ्या मारताना सगळी चर्चा फाडलेल्या कागदांची होती. दुसऱ्या विधेयकाचा विषय मीच काढला, तेव्हा पाचपाखाडीतले एक काका म्हणाले, ‘‘चांगल्या कामाला मुहूर्त कशाला बघायचा? झालं ते उत्तम झालं.’’ काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांच्या भाच्याने अशाच एका खेळात साठवलेले सगळे पैसे घालवले आहेत, त्यामुळे त्यांचा संताप मला समजत होता. पण मग ते बाकावर बसून पुढचे सांगू लागले. रक्कम एकदम जात नव्हती. रात्री दोन-दोनशे, पाच-पाचशे रुपये मोबाइलवरून जात राहायचे, आणि पासबुकावर सहा महिन्यांनी नजर गेली तेव्हा पानेच्या पाने तशाच नोंदींनी भरलेली होती. बँकांनी असे व्यवहार होऊ देऊ नयेत, असे नव्या कायद्यात म्हटले आहे. मात्र ते ओळखायचे कसे, आणि परदेशात बसलेल्या ॲपचे पैसे दुसऱ्याच कोणाच्या खात्यातून फिरवले गेले तर काय करायचे, हे प्रश्न काकांनी दहा मिनिटांत मांडले. बंदीला त्यांचा विरोध मुळीच नव्हता. ती टिकावी, म्हणूनच ते बोलत होते. तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाचे हे म्हणणे कायदा होण्याआधी ऐकून घेण्याची सोय त्या तीन दिवसांत कुठेच नव्हती, आणि मला खरी खंत त्याची वाटते.

मी राहतो त्या न्यूझीलंडशी इथली तुलना करतो, ती परदेशाचे कौतुक सांगण्यासाठी नाही. तिथे संसदेचे वरिष्ठ सभागृह १९५०मध्ये रद्द झाले, तेव्हापासून विधेयकाची छाननी मुख्यतः समित्यांवर अवलंबून आहे. विधेयक मांडले गेले आणि पहिल्या वाचनात टिकले, की ते एरवी खासदारांच्या निवड समितीकडे (सिलेक्ट कमिटी) जाते, समितीला अहवालासाठी साधारण सहा महिने मिळतात आणि त्या काळात कोणीही, अगदी माझ्यासारखा भारतीय पासपोर्ट बाळगणारा माणूसही, आपले म्हणणे लेखी पाठवू शकतो. २०२४च्या मे महिन्यात तिथे भाडेकरूंच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले गेले. कारण न देता ९० दिवसांच्या नोटिशीवर भाडेकरूला घर सोडायला सांगता यावे, अशी तरतूद त्यात होती. आम्ही भाड्याच्या घरात राहतो आणि मुलीची शाळा त्याच वस्तीत आहे, म्हणून मी एक पान लिहून पाठवले. समितीने पाच मिनिटे बोलण्यासाठी व्हिडिओ कॉलवर वेळ दिला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी बोललो, सरकारी बाजूच्या एका सदस्याने शाळेचे सत्र आणि नोटिशीची मुदत यांवर नेमका प्रश्न विचारला, आणि मी उत्तर दिले. डिसेंबरमध्ये विधेयक संमत झाले; माझा मुद्दा मान्य झाला नाही. तरीही त्या कायद्याविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही, कारण माझे म्हणणे वाचून मग नाकारले गेले होते.

तिथेही घाई होतेच. २०२५च्या मे महिन्यात समान वेतनाच्या कायद्यातील बदल तातडीची तरतूद वापरून, समितीकडे न पाठवता, दोन दिवसांत संमत केले गेले आणि त्यावर लोकांनी मोठा रोष व्यक्त केला. रोष व्यक्त झाला, कारण विचारले जाण्याची लोकांना सवय आहे.

आपल्याकडे नियमांचा अभाव आहे, असे मला वाटत नाही. मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असे धोरण केंद्र सरकारने २०१४मध्येच ठरवले. पण ते बंधनकारक नाही. विधेयकाच्या प्रती मांडण्याच्या दोन दिवस आधी सदस्यांना मिळाव्यात, असा लोकसभा अध्यक्षांचा निर्देश आहे. पण मंत्र्याने कारणे लिहून दिली तर त्यातून सूट मिळू शकते. विधेयक मांडण्यालाच विरोध करायचा झाला, तर सदस्याला थोडक्यात बोलता येते. पूर्ण चर्चा होऊ शकते ती सभागृहाला तो कायदा करण्याचा अधिकारच नाही, असा आक्षेप असेल तरच. म्हणजे खरा आधार समित्यांचा, आणि तोच खचला आहे: पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के.

एवढ्या मोठ्या देशात सगळ्यांना विचारत बसलो तर कायदे कधी होणार, असे बाबा म्हणतात. त्यांना मी महाराष्ट्राचेच उदाहरण दिले. जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले, समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, मसुद्यात काही बदल झाले आणि मगच, जुलै २०२५मध्ये, ते संमत झाले. त्या कायद्यावरचे माझे आक्षेप आजही कायम आहेत, पण विचारणे अशक्य असते, असे त्यानंतर कोणाला म्हणता येणार नाही. ठाणे महापालिकेच्या प्रभागाची हद्द कोणत्या रस्त्यावरून जावी, यासाठीसुद्धा प्रारूप प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. आमच्या सोसायटीतल्या मंडळींना तो नकाशा, ती मुदत, अर्जावरची पोच, सगळे पाठ आहे. प्रभागाच्या रेषेला मुदत मिळते आणि देशभर लागू होणाऱ्या कायद्याला मिळत नाही, हे मला पटत नाही.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. लोकसभेला आपले कामकाजाचे नियम स्वतः बदलता येतात. अर्थविषयक विधेयके वगळता प्रत्येक विधेयक मांडले गेल्यावर समितीकडे जावे आणि तिने निदान ३० दिवस सूचना घ्याव्यात. तातडी असेल तर मंत्र्याने दिलेली लेखी कारणे त्याच दिवशी जाहीर व्हावीत. संसदेत विधेयके हिंदी आणि इंग्रजीत येतात, म्हणून सोबत प्रत्येक राज्याच्या भाषेत चार पानांचा गोषवारा असावा आणि सूचनाही त्या भाषेत स्वीकाराव्यात. काकांचे इंग्रजी उत्तम आहे, पण भाच्याच्या पासबुकाविषयी ते बोलले ते मराठीत, आणि समितीलाही ते मराठीतच लिहितील.