उकळा, ब्लीच करा, वार्निश मारा: कवटी बिघडवण्याची एक दिवसाची कृती

प्राण्याची कवटी वर्गात ठेवण्यासाठी तयार करायची एक झटपट कृती सगळीकडे फिरते आहे. तासभर खळखळून उकळा, रात्रभर ब्लीचमध्ये बुडवा, उन्हात वाळवा, वरून वार्निश. फोटो छान येतो, हे मान्य. कवटी मात्र टिकत नाही.

‘उकळलं की मांस आपोआप सुटतं.’ सुटतं, पण हाडाचा चिवटपणाही जातो. तो कोलॅजन या प्रथिनामुळे असतो आणि उकळत्या पाण्यात कोलॅजनचं जिलेटिन होऊन पाण्यात उतरतं. वितळलेली चरबी हाडाच्या छिद्रांत मुरते. दातांना तडे जातात, नाकपोकळीतली गुंडाळीदार, अतिशय पातळ हाडं मांसाबरोबर गाळात जातात. कोवळ्या प्राण्याच्या कवटीच्या शिवणी, म्हणजे हाडांमधले सांधे, अजून जुळलेल्या नसतात, त्यामुळे भांड्यातून सुटे तुकडेच निघतात.

त्याऐवजी हातमोजे घालून डोळे, जीभ आणि जाड मांस सुरीने काढा. मेंदू मागच्या मोठ्या छिद्रातून वाकवलेल्या तारेने ढवळून पाण्याच्या धारेने बाहेर काढा. मग कवटी बादलीभर साध्या पाण्यात पूर्ण बुडवून वर सैल झाकण ठेवा. उरलेलं काम जीवाणू करतात, आणि ३० ते ३५ अंश सेल्सिअसला ते सर्वांत जोमाने चालतं. पाणी गढूळ झालं की निम्मंच बदला. उरलेलं निम्मं विरजणासारखं आहे, ते ओतून दिलंत तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लहान कवटीला एक-दोन आठवडे, मोठीला महिना किंवा जास्त लागतो. वास येणारच, बादली माणसांपासून लांब ठेवा. पाणी नेहमी बारीक चाळणीतून ओता, कारण एकमुळी दात याच वेळी गळून पडतात. शिंगं असतील तर हाडाच्या गाभ्यावरची केराटिनची (नखांसारख्या पदार्थाची) खोळ भिजून सैल झाली की ओढून काढा आणि वेगळी वाळवा.

‘ब्लीचने हाड पांढरं आणि निर्जंतुक होतं.’ या कृतीतला सर्वांत महागात पडणारा सल्ला हाच. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट उरलंसुरलं कोलॅजन खातं. छिद्रांत शिरलेलं ब्लीच नुसतं विसळून पूर्ण निघत नाही. पृष्ठभाग खडूसारखा होतो, बोटाला भुकटी लागते, आणि हे नुकसान भरून काढता येत नाही. पांढरेपणासाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. एक ते तीन दिवस, प्लास्टिकच्या भांड्यात, झाकण घट्ट न लावता, कारण ऑक्सिजन वायू सुटत राहतो. धातूचं भांडं नको. शिंगांच्या खोळींना पेरॉक्साइड लागू देऊ नका. उंदीर-घुशींचे पुढचे दात नारिंगी असतात ते एनॅमलमधल्या लोहामुळे. तो मळ नाही, घासत बसू नका.

‘उन्हात ठेवलं की तेल निघून जातं.’ नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण ओल्या कवटीवर चरबी दिसतच नाही. पूर्ण वाळल्यावर पिवळट, किंचित पारदर्शक डाग उमटतात, पुढे त्यांवर धूळ चिकटते आणि खवट वास येतो. डुकराच्या कवटीत हा त्रास फार. उपाय कंटाळवाणा आहे: ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात भांडी धुण्याचा द्रव साबण घालून कवटी बुडवून ठेवा, पाणी ढगाळलं की बदला, आणि ते स्वच्छ राहू लागेपर्यंत हेच चालू ठेवा. काही आठवडे, कधी काही महिने. मग पूर्ण वाळवून पाहा. डाग दिसला तर पुन्हा साबणात. पेरॉक्साइडची पाळी त्यानंतरच, नाहीतर चरबी तशीच आत राहून कवटी काही दिवसांत पुन्हा पिवळी पडते. वाळवायची तीही सावलीत, सावकाश. कडक उन्हात पाणी झपाट्याने उडतं आणि सुळे उभे चिरतात.

‘वार्निशने कवटी टिकते.’ वार्निश स्वतःच पिवळं पडतं आणि पुढे काढताना हाडाचा थर सोबत नेतं. धडधाकट कवटीला कसलाच लेप लागत नाही. ठिसूळ असेल तर ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं ५ टक्के पॅरालॉइड बी-७२ (एक ॲक्रिलिक राळ) कुंचल्याने लावा. ते पुढेही ॲसिटोनने काढता येतं. सुटे दात पाण्यात सुटणाऱ्या पांढऱ्या गोंदाने बसवा. चुकीच्या खाचेत बसलेला दात कोमट पाण्यात भिजवून परत काढता येतो.