दरडावलं की पोट्टे सरळ होतात म्हणे

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ दिवसांपासून एक मेसेज फिरून राहिला: पंधरा-सोळाचे पोट्टे दवाखान्यात नखरे करतात, दरडावलं की सरळ होतात, विचारायचं ते आईबापासमोरच विचारा, आमच्या वेळी कोणी लाड केले नाही. तीन काकांनी अंगठा दिला म्हणून लिहितो.

नखरे म्हणता ना. माझी भाची सिकलसेलची, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार, तिचा एसएस, आईबाप दोघांकडूनही आलेला; मागच्या मे महिन्यात लग्नाच्या धावपळीत पाणी कमी पिली अन् क्रायसिस आला, म्हणजे दुखण्याचा जोराचा झटका. हे दुखणं वरून दिसत नाही राजेहो, वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक नसांत अडकतात अन् हाडं ठणकतात, सूज-ताप असेलच असं नाही. पोरगी भिंतीकडे तोंड करून उशीची खोळ दातात धरून पडली होती, तर सिस्टर म्हणे "नाटक करते". मग काय, तिनं सांगणंच बंद केलं. रात्रभर छातीत दुखत होतं ते आम्हाला सकाळी कळलं, अन् सिकलसेलमध्ये छातीचं दुखणं जिवावर बेतू शकते.

आता आईबापासमोर विचारायचं. कॉटला पडदा नाही, बाजूच्या कॉटवर गावातलीच काकू, अन् डॉक्टर मोठ्यानं विचारते पाळी कधी आली, गोळ्या घेते का. घेते म्हणाली. साफ खोटं. दुसऱ्या दिवशी एक इंटर्न मॅडम स्टूल ओढून बसल्या, ताईला, म्हणजे पोरीच्या आईला, चहा आणायला पाठवलं, आधीच सांगितलं की जिवाला धोका असला तरच घरी सांगीन, नाहीतर आपल्यातच. शाळेच्या गोष्टी करता करता निघालं की हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे सिकलसेलची रोजची गोळी, दोन महिन्यांपासून बंद, केस गळतात म्हणून. दरडावून निघालं असतं काय हे?

आमच्या वेळी लोक दुखणं अंगावर काढत, त्याची काय बढाई.

अन् लाड म्हणाल तर सरकारनंच 2014 मध्ये 10 ते 19 वयासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम काढला, आपल्याकडे मैत्री क्लिनिक म्हणतात, तिथं एकट्यानं बोलता येते. मनावर ताण असला तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, रात्रीही लागते.

त्या सिस्टरवर राग नाही, अख्ख्या वॉर्डात एकटी होती बिचारी. पण मॅडमनं सलाईन लावताना "कोणता हात देते" एवढं विचारलं, त्याला किती वेळ लागला? पोरगी दोन दिवसांत पहिल्यांदा नीट बोलली: "डावा घ्या, उजव्यानं लिहा लागते, दहावी आहे."