‘व्हेरिफाइड’ खूण आणि भरलेले पैसे यांतून नेमकं काय सिद्ध होतं?

न्यूडिस्ट लोकांच्या सोशल नेटवर्किंग साइट्सबद्दल एक मराठी मजकूर पुढे पाठवला जातो. जर्मनी-फ्रान्सला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आणि तिथल्या एफकेके, म्हणजे कपड्यांशिवाय पोहण्या-वावरण्याच्या, संस्कृतीबद्दल कुतूहल असलेल्या तरुणांसाठी तो लिहिलेला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रोफाइलवर ‘व्हेरिफाइड’ खूण असेल तर माणूस खरा. खोटी खाती फुकट सदस्यांतच असतात, खिशातून पैसे काढून कोणी फसवायला येत नाही. तपासणीसाठी दिलेला सेल्फी आणि ओळखपत्र साइट नंतर पुसून टाकते. नकोसं वाटलं तर खातं डिलीट करा, विषय संपला. तेव्हा व्हेरिफाय व्हा, प्रीमियम घ्या आणि निर्धास्त राहा.

हे ‘निर्धास्त राहा’ वाचून मला काळजी वाटते. कपड्यांशिवाय पोहण्यात, ऊन अंगावर घेण्यात लाजण्यासारखं काही आहे असं मी मानत नाही. पण म्युनिकच्या बागेत कोणी वळूनही पाहत नाही ते दृश्य फोटो होऊन सांगलीच्या किंवा फोंड्याच्या नातेवाइकांपर्यंत पोचलं, तर त्या मुलीचं किंवा मुलाचं काय होईल हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याचं नुकसान इतकं मोठं होऊ शकतं, त्याला खोटा दिलासा देऊ नये.

आधी खुणेबद्दल. अशा साइटवर साधारणपणे कागदावर युजरनेम आणि तारीख लिहून, तो हातात धरून सेल्फी पाठवावा लागतो. साइटचा माणूस तो प्रोफाइलवरच्या फोटोंशी ताडून पाहतो आणि खूण देतो. त्यातून कळतं ते इतकंच की त्या दिवशी त्या चेहऱ्याच्या माणसाकडे ते खातं होतं. त्याने सांगितलेलं नाव खरं आहे का, तो एकटा आहे की त्याच्या घरी बायको आहे, तुमचे फोटो मिळाल्यावर तो त्यांचं काय करणार, यातलं काहीही तपासलेलं नसतं. तपासलेलं खातं पुढे दुसऱ्याच्या हाती गेलं तरी खूण तशीच राहू शकते. शिवाय आता चेहरा, हात आणि हातातला लिहिलेला कागद असा अख्खा फोटो संगणकावर बनवता येतो.

खूण विकायला काढली की काय होतं, हे ट्विटरने दाखवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये महिना ८ डॉलर भरणाऱ्याला निळी टिक मिळू लागली आणि लगेच कोणीतरी एली लिली या औषध कंपनीच्या नावाने टिकवालं खातं काढून ‘इन्शुलिन आता मोफत’ असं जाहीर केलं. खऱ्या कंपनीला खुलासा करून माफी मागावी लागली. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने एक्सला (ट्विटरचंच नवं नाव) १२ कोटी युरोंचा दंड ठोठावला. पैसे भरून मिळणारी ही टिक वापरकर्त्यांची दिशाभूल करते, हे त्याच्या कारणांपैकी एक होतं.

दुसरा दावा सगळ्यांत पटण्याजोगा वाटतो, म्हणून त्यावर थांबतो. पैसे भरणारा फसवत नाही, हे गृहीतच चुकीचं आहे. फसवणूक हाच ज्याचा धंदा, त्याला महिन्याची वर्गणी म्हणजे दुकानाचं भाडं. चोरलेलं कार्ड वापरलं तर तेही लागत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फुकट सदस्याला पैसे भरायला लावण्यात साइटचा स्वतःचा फायदा असतो. तुम्हाला कोणीतरी संदेश पाठवला आहे, वाचायचा तर प्रीमियम घ्या, ही युक्ती ओळखीची असेल. इंग्लंडस्थित जेडीआय डेटिंग या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये नेमक्या याच कारणासाठी कारवाई केली. तिच्या साइट्सवर नव्या सदस्यांना जवळपासच्या इच्छुक व्यक्तींचे म्हणून जे संदेश यायचे, ते कंपनीनेच तयार केलेल्या खोट्या प्रोफाइलचे होते. उत्तर द्यायचं तर वर्गणी भरा, आणि भरली की ती दर महिन्याला आपोआप कापली जाणार. कंपनीला ६ लाख १६ हजार डॉलर परत करावे लागले. म्हणजे खोटी खाती कधी कधी साइटच उभी करते, आणि ती उभी असतात तुम्हाला पैसे भरायला लावण्यासाठी.

ॲशली मॅडिसनचं प्रकरण तर या मजकुराच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला उत्तर देतं. विवाहबाह्य संबंधांसाठीच्या या कॅनडाच्या साइटवर २०१५ च्या उन्हाळ्यात हॅकरांनी घाला घातला आणि सुमारे ३ कोटी ६० लाख खात्यांची माहिती उघड झाली. स्त्रियांची खोटी प्रोफाइलं कंपनीने स्वतः चालवली होती. मुखपृष्ठावर मिरवलेलं ‘विश्वासार्ह सुरक्षे’चं पदक बनावट असल्याचं कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या खासगीपणा आयुक्तांच्या चौकशीत आढळलं. त्यात सगळ्यांत जास्त उघडे कोण पडले? पैसे भरणारे. फुकट खात्याला खोटं नाव आणि कोणताही ईमेल चालत होता, पण कार्डाच्या व्यवहारांत खरी नावं आणि पत्ते होते. खातं पूर्ण पुसण्यासाठी कंपनी वेगळे १९ डॉलर घ्यायची, आणि ते भरलेल्या अनेकांची माहितीही फुटलेल्या साठ्यात सापडली. पुढच्या वर्षी ॲडल्ट फ्रेंडफाइंडरच्या कंपनीचा साठा फुटला, त्यात सदस्यांनी ‘डिलीट’ केलेली सुमारे दीड कोटी खाती होती. तेव्हा ‘डिलीट करा, विषय संपला’ या वाक्याबद्दल वेगळं लिहायची गरज नाही.

राहिलं ओळखपत्र. जुलै २०२५ मध्ये फक्त स्त्रियांसाठी असलेल्या टी नावाच्या अमेरिकी ॲपमधून सुमारे ७२,००० चित्रं बाहेर पडली. त्यांतली जवळपास १३,००० पडताळणीसाठी दिलेले सेल्फी आणि ओळखपत्रं होती. तपासणीनंतर ती पुसली जातात, असं ॲपने सांगितलेलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेरच्या एका सेवादार कंपनीमार्फत फुटल्याचं जाहीर झालं. ही मोठ्या कंपन्यांची कथा. दोन-चार माणसांनी चालवलेल्या न्यूडिस्ट साइटकडे नग्न फोटो, खरा चेहरा आणि पासपोर्ट एकाच फोल्डरमध्ये जमा झाले, तर ते सांभाळणार कोण? परदेशी साइटला आधार कार्ड तर देऊच नका. वय सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग नसेल तर तिथे सदस्य होऊ नका.

मग ओळख पटवायचीच नाही का? न्यूडिस्ट चळवळीने हा प्रश्न इंटरनेटच्या कितीतरी आधी सोडवायला घेतला होता. आंतरराष्ट्रीय नॅचरिस्ट (म्हणजे न्यूडिस्टच) महासंघ १९५३ मध्ये फ्रान्समधल्या माँतालिव्हे इथे स्थापन झाला. त्याचं सदस्यकार्ड राष्ट्रीय संघटनांमार्फत मिळतं आणि त्या संघटनांखाली स्थानिक क्लब असतात. तिथे लोक तुम्हाला प्रत्यक्ष पाहतात, तुमच्याशी बोलतात, कॅमेरा बाहेर काढलात तर लगेच हटकतात. कार्ड म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, पण त्यामागे तुम्हाला भेटलेली माणसं असतात. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मुलाने कुतूहल असेल तर आधी अशा क्लबची चौकशी करावी. साइटवर ओळख झालीच, तर पहिली भेट कॅफेत, कपडे घालून, दिवसा. आणि चेहरा व उघडं शरीर एकाच फोटोत कोणालाही पाठवू नका, खूण असलेल्यालाही नाही.

प्रीमियम घेतलंच असेल तर त्यातून बाहेर कसं पडायचं तेही त्या मजकुरात नाही. भारतीय बँकेचं कार्ड असेल तर आपोआप होणाऱ्या वजावटीची सूचना किमान २४ तास आधी यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती मंजुरी बँकेच्या ॲपमधून रद्द करता येते. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन घेतलेली वर्गणी थांबवण्यासाठी साइटवर स्पष्ट बटण असणं कायद्याने बंधनकारक आहे.

आणि कोणी फोटोंवरून धमकावत असेल तर पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. संभाषणाचे स्क्रीनशॉट ठेवा. भारतात १९३० या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर फोन करा. संमतीशिवाय खासगी अवयवांचा फोटो काढणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. स्त्रीने फोटो काढायला संमती दिली, पण पसरवायला दिली नाही, तरी भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागू होतं. म्हणून ‘फोटो तूच पाठवलास ना’ असं पोलीस ठाण्यात कोणी म्हणालं तरी मागे फिरू नका. स्टॉप-एनसीआयआय या मोफत सेवेत फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा सांकेतिक ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून तो फोटो तिथे चढण्यापासून अडवता येतो. धमकी आल्या दिवशीच ते करून ठेवा.