झेंडा दिसत नाही, मग ग्रह कसा दिसला?

आमच्या परभणीच्या ग्रुपवर तात्यांनी परवा एक मेसेज ढकलला. ‘चंद्रावरचा झेंडा कुठल्याच दुर्बिणीला दिसत नाही, मग दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांचे फोटो येतात कुठून? एखादा ठिपका दिसलाच तर तो मागचा तारा. खरं असेल तर आपल्या औंढ्याच्या लायगोतून दाखवा.’ सोबत कडीवाल्या, पट्टेरी ग्रहाचं चित्र.

तात्या, त्या चित्रापुरतं तुमचं खरं. ते रंगवलेलंच आहे. खरा फोटो पाहाल तर हिरमुसाल: मधे झाकलेला तारा, बाजूला ठिपके. ठिपक्यांना रंगही मागाहून दिलेले, कारण टिपलेला प्रकाश अवरक्त, डोळ्याला न दिसणारा.

झेंड्याचं गणित मात्र चुकलंय. झेंडा ओळखायला त्याचा आकार दिसावा लागतो. या ग्रहांचा आकार कुणीच पाहिलेला नाही. ताऱ्यापासून सुटा ठिपका दिसला की भागलं. पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मधोमध एचआर ८७९९ हा अंधुक तारा आहे, सुमारे १३० प्रकाशवर्षांवर. २००८ साली हवाईतल्या केक आणि जेमिनी दुर्बिणींनी त्याचे तीन ग्रह टिपले, चौथा २०१० मध्ये. सगळ्यात बाहेरचा ग्रह आणि तारा यांच्यात आकाशात जेवढी फट दिसते, ती चंद्रावरच्या झेंड्याच्या दोन हजार पटींहून मोठी आहे.

खरी अडचण झगमगाटाची. रात्री उसाचा ट्रॅक्टर समोरून आला की आपण हेडलाइटसमोर हात धरतो, तेव्हा कुठे मडगार्डवर बसलेल्याची बिडी दिसते. दुर्बिणीत ताऱ्याचा उजेड झाकणारा कोरोनाग्राफ हाच हात. त्यात हे ग्रह जेमतेम काही कोटी वर्षांचे, भट्टीतलं लोखंड लाल व्हावं इतके तापलेले, म्हणून अवरक्तात स्वतःच चमकतात. आपला गुरू सूर्याच्या अब्जाव्या हिश्श्याइतका उजळ. तो असा सापडला नसता.

मागचा तारा? वर्षानुवर्षं फोटो काढले, तर ठिपके ताऱ्याबरोबर आकाशात सरकतात आणि त्याच्याभोवती फिरतातही. जे टिकत नाहीत ते खोडले जातात. फोमलहॉट नावाच्या ताऱ्याचा ‘ग्रह’ २००८ सालीच गाजला होता. पुढे तो फिकट होत पसरत गेला, आणि २०२० मध्ये तो टकरीतून उडालेला धुरळा असल्याचं मांडलं गेलं. हे शास्त्रज्ञांनीच सांगितलं, फॉरवर्डवाल्यांनी नव्हे.

लायगोचं म्हणाल तर ती दुर्बीण नव्हेच. ती गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातली सूक्ष्म थरथर मोजणार, फोटो काढणार नाही.

कार्तिकात या, पूर्वा भाद्रपदा दाखवतो. गच्चीवरून नाही हं. एचआर ८७९९ गावातल्या उजेडात दिसायचा नाही, शेतावर जावं लागेल.