पोरांच्या हातात कुऱ्हाड द्या

आपल्या नागपुरात बऱ्याच शाळांमध्ये पी.टी.चा तास म्हणजे एक चेंडू, त्यामागे धावणारी आठ-दहा पोरं आणि निंबाच्या सावलीत बसलेला बाकीचा वर्ग. परीक्षा आली की तो तासही गणिताचे सर घेऊन जातात. मला मनापासून वाटतं, पाचवीपासून मुलांना लाकडं फोडायला शिकवावं. मुलींनाही.

लाकूड नुसत्या दंडाच्या जोरावर फुटत नाही. पाय फाकवून उभं राहायचं, घाव घालताना वरचा हात दांड्यावरून खाली सरकू द्यायचा, गुडघे वाकवायचे. म्हणजे नेम चुकला तरी पातं ठोकळ्यात रुततं, नडगीवर येत नाही. मांड्या, कंबर, पोट, खांदे एकाच घावात राबतात. वेग दुप्पट झाला की घावातली ऊर्जा चौपट होते. हे सूत्र नववीत फळ्यावर येतं, तोवर ते पोरांच्या अंगात मुरलेलं असेल. शिवाय नजर तयार होते. भेग कुठून गेलीय, गाठ कुठे आहे, हे बघितल्याशिवाय मारलं तर कुऱ्हाड अडकते. घाव बरोबर बसला की नाही, ते लाकूडच सांगतं, शिट्टी लागत नाही.

धोका आहेच. म्हणून आधी करवत. मग छोट्या कुऱ्हाडीचं पातं लाकडावर टेकवून वरून मोगरीने ठोकायचं. मोठा घाव आठवीनंतर. पायात बूट, दांडा घट्ट, ठोकळ्यापाशी एकच मूल आणि शेजारी सर. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. उन्हाळ्यातल्या वादळात धरमपेठ, सिव्हिल लाइन्सकडे पडणाऱ्या फांद्या पुरेत.

"आमची पोरं लाकडं फोडायला शाळेत येतात का?" असं पालक विचारतील. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला. वर्धा इथून दीड-दोन तासांवर, तरी श्रमाची लाज आपल्याला अजून सुटत नाही. गावाकडून आलेलं, घरी सरपण फोडणारं पोरगं वर्गात मागे बसतं. या तासाला तेच इतरांना शिकवेल, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

पण पोषण आहाराच्या चुलीसाठी पोरांकडून रोज सरपण फोडून घेणं ही वेठबिगारी आहे, तिला माझा ठाम विरोध. प्रत्येकाची पाळी दहा मिनिटांची, ढीग किती झाला ते मोजायचं नाही. फोडलेल्या लाकडांवर हिवाळ्यात एकदा वांग्याची भाजी शिजवा, सोबत रोडगे.

क्रीडाशिक्षकांनो, डिसेंबरच्या थंडीत एका तुकडीपासून सुरू करा. ठोकळे उचलायला मी येतो.