उल्लास परीक्षेत नापास झालं तर रेशन बंद होतं का? नाही

आपल्या वस्तीच्या ग्रुपवर फिरतंय: "उल्लासची साक्षरता परीक्षा नापास झालात तर रेशन बंद." हे खरं नाही. उल्लास म्हणजे निरक्षर प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणारा सरकारी कार्यक्रम. मी त्याच्या वर्गाला स्वयंसेवक म्हणून शिकवते, चाचणीच्या सूचना वाचल्या आहेत. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० असे १५० गुण. प्रत्येक भागात ३३ टक्के हवेत. कमी पडले तर 'सुधारणा आवश्यक' एवढाच शेरा येतो आणि पुन्हा बसता येतं. रेशनचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

साठी ओलांडलेल्या एक मावशी महिनाभर स्वतःचं नाव गिरवत होत्या. मेसेज ऐकून काल वही परत देऊन गेल्या. फार वाईट वाटलं. कृपया तो पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हे कळवा.