‘जीव वाचला ना, मग बाकीचं काय विचारता?’

स्तनाच्या कॅन्सरबद्दलचा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक ग्रुप माहेरच्या बायकांचा. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हॉस्पिटलात बायकांना ‘गेल्या आठवड्यात थकवा आला का, झोप लागली का’ असं विचारून त्यांच्या जगण्याचा दर्जा मोजतात, तो फुकट वेळ घालवणं आहे. सुखदुःख आकड्यात मावत नाही. गाठ गेली, रिपोर्ट चांगला आला की बाई बरी. अनुभवी डॉक्टरला नुसतं बघून कळतं. प्रश्न परदेशी आहेत आणि आपल्या बायका खरं सांगत नाहीत. फॉर्म भरून कुणी बरं झालेलं नाही.

मुंबईतल्या एका हॉस्पिटलात हेच प्रश्न बायकांना वाचून दाखवायचं काम मी सहा वर्षं करते आहे. त्यामुळे हा मेसेज नुसता पुढे ढकलणं मला जमलं नाही.

आधी आकड्यांचं. दुखणंही कुणाला दिसत नाही, तरी ऑपरेशननंतर नर्स विचारतेच, ‘शून्य ते दहात किती दुखतंय?’ आणि त्या उत्तरावर औषध ठरतं. इथेही तसंच आहे. जगभर वापरली जाणारी क्यूएलक्यू-सी३० ही प्रश्नावली युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर-संशोधन संस्थेची, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिच्यात ३० प्रश्न आहेत आणि बहुतेकांना चारच उत्तरं: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. त्यातले तीन प्रश्न थकव्याचे. पडून राहावंसं वाटलं का, अशक्त वाटलं का, दमायला झालं का. समजा एकीने बरंच, बरंच, थोडं असं सांगितलं. ‘अजिबात नाही’ला १ ते ‘खूप’ला ४ असे गुण, म्हणून त्याचे ३, ३, २. सरासरी काढून ती शून्य ते शंभरच्या पट्टीवर (१ म्हणजे शून्य, ४ म्हणजे शंभर) नेली की साधारण ५६ येतात. पुढच्या केमोच्या वेळी तिन्ही उत्तरं ‘थोडं’ आली तर ३३. दहा गुणांच्या आसपासचा फरक बाईला स्वतःला जाणवतो असं धरतात, वीसच्या वरचा फरक मोठा. तिचं सुख किती किलो भरलं हे कुणी विचारत नाही. मागच्या वेळेपेक्षा ती जास्त दमते आहे का, एवढंच त्यातून बघायचं असतं.

‘रिपोर्ट चांगला म्हणजे बाई बरी’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. पूर्वी गाठ लहान असली तरी सर्रास पूर्ण स्तन काढत. फक्त गाठ काढून शेक (रेडिएशन) दिला तर बाई तितकीच जगते का, हे इटलीत आणि अमेरिकेत वीस वर्षं तपासलं. २००२ मध्ये दोन्हींकडचे निकाल आले: जगण्यात फरक नाही. मग दोन्हींतून निवड कशावर करायची? बाई पुढे कशी जगते, यावरच ना? काखेतल्या लिम्फच्या गाठींचंही तेच. सगळ्या न काढता आधी पहिल्या एक-दोन तपासल्या तर हाताची सूज आणि बधिरपणा कमी राहतो, हे ब्रिटनमधल्या अल्मॅनॅक नावाच्या अभ्यासात १,०३१ बायकांकडून कळलं. त्यातही हाताचे हाल बायकांनाच प्रश्नावलीतून विचारले होते. ऑपरेशन आज छोटं होऊ शकतं, त्यात या उत्तरांचा वाटा आहे.

डॉक्टरला बघून कळतं, हे काही बाबतींत खरं आहे. जखम, रक्ताचे आकडे, वजन दिसतं. पण थकवा, झोप, मनाची घालमेल डॉक्टरांच्या नोंदीत बाईने सांगितल्यापेक्षा कमी उतरते, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलंय. यात डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. खच्चून भरलेल्या ओपीडीत एका फाईलला मिनिटं किती मिळणार?

आता ‘आपल्या बायका खरं सांगत नाहीत’. प्रश्न मूळचे परदेशी, हे मान्य. पण मराठी मजकूर करताना तो पुन्हा इंग्रजीत उलटून ताडतात, मग रुग्णांना विचारून बघतात. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी तर हिंदी-मराठी प्रश्नावली आपल्याच बायकांवर तपासली आणि २००५ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं.

खरं न सांगण्याचं कारण मी समोर बसून पाहिलंय. लालबागच्या एक मावशी होत्या. स्तनाच्या कॅन्सरसाठी वेगळे २३ प्रश्न जोडलेले असतात, त्यातला एक: हात वर उचलायला किंवा बाजूला न्यायला त्रास झाला का? मावशींच्या आधी काकाच म्हणाले, ‘काही त्रास नाही हो, जेवते व्यवस्थित.’ मावशींनी मान हलवली. काका औषधाच्या रांगेत गेल्यावर मी तोच प्रश्न पुन्हा, सावकाश वाचला. शब्द बदलायची मला परवानगी नसते. मावशी जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘दोरीवर कपडे मी टाकतच नाही आता. सून टाकते. लोकलमध्ये दांडी धरता येत नाही म्हणून लेकीकडे डोंबिवलीला गेले नाही चार महिने.’ उत्तर ‘खूप’ झालं. मग न विचारताच आधीच्या एका प्रश्नावर आल्या, कपडे काढून स्वतःकडे बघायला जड जातं का, त्या. ‘आरसा सुनेच्या खोलीत दिलाय,’ म्हणाल्या.

मावशी खोटं बोलत नव्हत्या. एकटीला, न घाईत, कुणी विचारलंच नव्हतं. लैंगिक संबंधांचे प्रश्न अनेक जणी कोरे सोडतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. प्रश्नावलीत उणिवाही होत्याच. हातापायांना येणाऱ्या मुंग्या, बधिरपणा, हार्मोनच्या गोळ्यांनी धरणारे सांधे जुन्या २३ प्रश्नांत नव्हते. २०२० मध्ये सुधारित यादी आली, तिच्यात ४५ प्रश्न होते आणि हे त्रास होते. बायकांनी सांगितलं म्हणूनच ते आत आले.

राहिलं ‘फॉर्म भरून कुणी बरं झालेलं नाही’. न्यूयॉर्कच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात पसरलेला कॅन्सर असलेल्या ७६६ रुग्णांवर अभ्यास झाला, त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या बायकाही होत्या. काहींनी आपले त्रास नियमित संगणकावर नोंदवले, आणि त्रास वाढला की नर्सला लगेच निरोप जाई. २०१७ मध्ये निकाल आला: नोंदवणाऱ्या गटातले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले निम्मे २६ महिन्यांहून. मात्र तिथे उत्तर वाचणारं आणि फोन उचलणारं माणूस होतं. आपल्याकडे भरलेले फॉर्म कित्येकदा संशोधनाच्या कपाटात जातात आणि ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला ते दिसतही नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने यावर राग काढला असता तर मी त्याच्या बाजूने उभी राहिले असते.

मावशींचं ‘खूप’ मी त्या दिवशी फाईलच्या पहिल्या कागदावर लाल पेनाने लिहिलं आणि फाईल फिजिओथेरपीच्या खोलीत स्वतः नेऊन दिली. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम त्यांना तिथे शिकवला. दोन महिन्यांनी तोच प्रश्न वाचला तेव्हा काका बाहेर बाकावर होते. उत्तर आलं, ‘थोडं’.